रांगेत चालणारी कोंबडी

मला आयुष्यात एकच पुरस्कार मिळाला आणि तो मिळाल्याचा धक्का अजून पचलेला नाही. पुरस्कार न मिळाल्यानं खचलेले मास्तर मी पुष्कळ पाहिलेत. त्यांची समजूत काढायला माणसं असतात. मिळाल्यानं हादरलेल्या माणसाचं ऐकून घ्यायला कोणी बसत नाही. लोक म्हणतात, आता पुरे झालं कौतुक करून घेणं. म्हणून हे लिहून ठेवतो आहे.

नव्वदनंतरची दोन-तीन वर्षं झाली असतील. मी औंधच्या अलीकडच्या एका गावातल्या हायस्कूलमध्ये ड्रॉइंगचा सर होतो. ड्रॉइंगच्या सराला शाळेत काय किंमत असते ते वेगळं सांगायला नको. गॅदरिंगला पडदा रंगवायचा, पंधरा ऑगस्टला फळा सजवायचा, आणि गणिताच्या सरांचा भाग मागं राहिला की आपला तास गुमान त्यांना देऊन टाकायचा. मी तो देताना भांडायचो. हेडसर म्हणायचे, "आवं सर, चित्रं काढून कुणाचं पोट भरलंय का?" त्यांच्या मागच्या भिंतीवरची सगळी थोर माणसं मीच रंगवून दिलेली होती, पण ते जाऊ द्या.

सरकारी चित्रकलेच्या परीक्षांना आमच्याकडची पोरं बसायची. त्यात संकल्पचित्र नावाचा एक पेपर असतो. दिलेल्या चौकोनात किंवा वर्तुळात आकार बसवून नक्षी रचायची, पोस्टर कलरनं रंगवायची आणि शेवटी काळ्या रेषेनं बांधून काढायची. बाजारात त्याची गाईडं मिळत. त्यात कमळ, मोर आणि पोपट. सगळ्या महाराष्ट्रातली पोरं तीच कमळं गिरवत होती. आमच्या गावाला उन्हाळ्यात टँकरनं पाणी यायचं. कमळ कशाशी खातात हे आमच्या पोरांना ठाऊक नव्हतं. एक दिवस मला राग आला आणि मी ती गाईडं कपाटात कोंबून कुलूप घातलं. म्हटलं, उद्या येताना घरातली नाहीतर रस्त्यावरची कुठलीही एक वस्तू आणा. त्यातून नक्षी शोधायची.

दुसऱ्या दिवशी वर्गात नुसता बाजार भरला. सूप आलं, चाळण आली, घोंगडीचा काठ आला, तुटक्या खाटेची विणलेली पट्टी आली. एकानं वडिलांचा मिलिटरीचा बूट आणला, तळाची नक्षी दाखवायला. त्याचा बाप सुट्टी संपवून त्याच दुपारी युनिटला निघालेला. त्याची आई शाळेच्या दारात येऊन ओरडली, "एका पायात बूट घालून जाऊ दे व्हय त्यास्नी?" बूट परत गेला, पण त्या पोरानं तोवर तळाचे काटे वहीत उतरवून घेतले होते.

नववीतली एक मुलगी हात हलवत आली. शेवटच्या बाकावर बसणारी, दिवसाकाठी चार शब्द बोलणारी. तिची आई गावच्या अंगणवाडीत शिकवायची. मी म्हटलं, "तू काय आणलंस?"

ती म्हणाली, "आणता येत न्हाई सर. चिखलात हाय."

आम्ही दोघंतिघं तिच्याबरोबर शाळेच्या मागं गेलो. टँकर जिथं उभा राहायचा तिथं पाणी सांडून चिखल झाला होता. त्यात टायरचे ठसे उठले होते, तिरपे, जाड, एकामागून एक. आणि त्या ठशांवरून कोंबड्या पाणी प्यायला आल्या होत्या. त्यांची तीन बोटांची पावलं त्या शिस्तबद्ध नक्षीवरून हवी तशी गेली होती. मध्येच थांबलेली, वळलेली, एका जागी गोंधळ घातलेली. मी त्या वाटेनं रोज दोनदा जात होतो. मला चिखलापलीकडं काही दिसलं नव्हतं. तिथं उभा राहून मला पहिल्यांदा कळलं, की ह्या पोरीचा डोळा माझ्यापेक्षा चांगला आहे. मास्तराला असं कळणं आनंदाचं असायला हवं. मला आनंद झाला, आणि जरा पोटात दुखलंही.

तिनं जुन्या उत्तरपत्रिकेच्या पाठकोऱ्या कागदावर कच्चं काढलं. चौकोनभर टायरचे पट्टे, आणि त्यावरून एका कोपऱ्यातून आत शिरलेली कोंबडी. पावलं कुठं दाट, कुठं विरळ, आणि उजवीकडं चौकोनाची चौकट ओलांडून बाहेर.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगायला हवी. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. ड्रॉइंगचे सर मुलांच्या चित्रावर शेवटचा हात फिरवतात. चित्र मुलानंच काढायचं, रंगही त्यानंच भरायचा. शेवटी कागद सरांच्या टेबलावर यायचा. सर झिरो नंबरचा ब्रश घेऊन कुठं रेषा ठीक करणार, कुठं रंगाचा डाग झाकणार, कुठं आकार जरासा ओढून सारखा करणार. माझ्या सरांनी माझ्या चित्रांवर हात फिरवला होता, त्यांच्या सरांनी त्यांच्या. परीक्षेत अर्थात हे चालत नाही, पण स्पर्धा, प्रदर्शनं, शाळेतलं रोजचं काम, सगळीकडं चालायचं. त्याला कोणी लबाडी म्हणत नव्हतं. पोरीनं थापलेली पहिली भाकरी तव्यात टाकण्याआधी आई हातात घेऊन कडा नीट करते, तसंच ते वाटायचं. मुलं हौसेनं टेबलाच्या डाव्या बाजूला रांग लावायची. हात फिरला की चित्र झालं, नाहीतर नाही.

त्या मुलीचं चित्र चांगल्या कागदावर उतरलं तेव्हा मी त्याच्यावरही हात फिरवला. टायरचे पट्टे छान होते. पावलं मात्र फार अस्ताव्यस्त वाटली. परीक्षक म्हणतील, तोल नाही. मी पांढऱ्या रंगानं चार-पाच पावलं झाकली आणि नवी काढून दोन्ही बाजूंना सारखी बसवली. चौकटीबाहेर गेलेलं पाऊल आत घेतलं. ती शेजारी उभी राहून बघत होती. मी म्हटलं, "आता कसं दिसतंय?" ती म्हणाली, "चांगलं हाय सर."

त्याच सुमारास सांगलीच्या एका कलासंस्थेचं पत्रक शाळेत आलं. संकल्पचित्र आणि हस्तकलेच्या अध्यापनातली गुणवत्ता आणि नवोपक्रम यासाठी पुरस्कार. शिक्षकानं आपल्या कामाची फाइल करून स्वतःच पाठवायची, सोबत मुलांच्या बारा कामांचे नमुने. स्वतःच स्वतःला पुरस्कार मागायचा हा प्रकार मला अजूनही विनोदी वाटतो. पण तेव्हा मी जीव ओतून फाइल केली. कुलूपबंद गाईडांची हकिकत लिहिली, बुटाची लिहिली, टँकरची लिहिली. बारा चित्रं लावली. पहिलं तिचं. बाराही चित्रांवर माझा हात फिरलेला होता, हे फाइलमध्ये लिहावं असं मनात आलंसुद्धा नाही. जेवलो हे लिहितो का आपण?

महिन्याभरानं शाळा बघायला दोन परीक्षक आले. एक वयस्क गृहस्थ, पांढरं धोतर, गळ्यात उपरणं, स्वतः कधीकाळी ड्रॉइंग मास्तर असलेले. दुसऱ्या एक बाई, पन्नाशीच्या, कलामहाविद्यालयात शिकवणाऱ्या, साधी सुती साडी आणि बोटांना शाई. हेडसरांनी नारळ फोडला, पोरांनी ओळीनं उभं राहून नमस्ते केलं. बाईंनी फाइल उघडून तिच्या चित्रावर बोट ठेवलं आणि मला विचारलं, "तुमच्याकडच्या कोंबड्या अशा रांगेत चालतात?"

मी हसलो. मला वाटलं गंमत करतायत.

मग त्या म्हणाल्या, मुलांना आमच्यासमोर काम करू द्या, तासभर. तुम्ही नुसतं बसा. मी बसलो. मुलांनी झकास कामं केली. खरंच सांगतो, मला अभिमान वाटत होता. खिडकीच्या गजांची सावली, सुपाची वीण, कुणी पंपाच्या चाकाचे आरे घेतलेले. तास संपत आला. आणि मग एकापाठोपाठ एक सगळी पोरं उठली आणि माझ्या टेबलाच्या डाव्या बाजूला ओल्या चित्रांचे कागद दोन्ही हातांत आडवे धरून रांगेत उभी राहिली.

मी गारठलो. दुसरा शब्द नाही. मी त्यांना सांगायला विसरलो नव्हतो. सांगायचं काही असतं हेच मला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं रोज पाहिलेली ती रांग परक्या माणसांसमोर उभी राहिल्यावर मला पहिल्यांदा दिसली.

बाईंनी पहिल्या पोराला विचारलं, "कशासाठी उभा आहेस?"

तो छाती काढून म्हणाला, "सर हात फिरवत्यात म्याडम. आमच्या सरांचा हात लय भारी हाय."

"मग हे चित्र कुणाचं?"

पोरगं गडबडलं. त्याला असला प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग कागदाकडं, मग म्हणाला, "आमचं. सरांचं न् माझं."

मला वाटलं, संपलं. फाइल गेली, पुरस्कार गेला, अब्रूही गेली. तेवढ्यात धोतरवाले गृहस्थ टाळी वाजवून उठले. "वा! ह्याला म्हणतात परंपरा! आमचे गुरुजी अगदी असंच करायचे. चला सर, आम्हालाही बघू द्या तुमचा हात."

आणि मी ब्रश उचलला. नाही म्हणता आलं असतं. घसा बसलाय, डोकं दुखतंय, काहीही सांगता आलं असतं. मी रांगेतल्या प्रत्येक कागदावर हात फिरवला, आणि ते गृहस्थ शेजारी उभे राहून मान डोलवत होते. बाई मागं जाऊन शेवटच्या बाकाजवळ उभ्या राहिल्या. ती मुलगी तिथंच बसून होती. रांगेत आली नव्हती.

"तू नाही गेलीस?" बाईंनी विचारलं.

"माझं झालंय," ती म्हणाली.

दोनच शब्द. माझ्या वर्गात ते याआधी कोणी उच्चारले नव्हते. मला ते ऐकून काय वाटलं ते अजून सांगता येत नाही. इतकंच सांगतो, की तो क्षण तिथंच थांबायला हवा होता. पण गृहस्थ प्रेमानं हसले. "अगं बाळ, सरांचा हात लागल्याशिवाय होतं का कुठं? जा, जा."

ती उठली. कागद माझ्यापुढं ठेवला. मी खाली मान घालून त्याच्यावर हात फिरवला. काय चित्र होतं ते आज आठवतसुद्धा नाही, इतक्या घाईनं मी ते सारखं केलं.

जाताना बाईंनी तिला विचारलं, टँकरच्या चित्राचा कच्चा कागद आहे का? तिनं दप्तरातून चौघडी घातलेली ती उत्तरपत्रिका काढून दिली. बाई म्हणाल्या, "नेऊ? सरांकडं परत पाठवीन." ती हो म्हणाली.

पुढचे दोन महिने मी पोस्टमन दिसला की वळचणीला जात होतो. वाटायचं, खरमरीत पत्र येणार. पत्र आलं ते हेडसरांनी उघडलं आणि भर परिपाठात वाचून दाखवलं. पुरस्कार मलाच मिळाला होता. पोरांनी टाळ्या पिटल्या, शिपायानं जास्तीची घंटा दिली. मी मटकन खुर्चीवर बसलो. हेडसर म्हणाले, "आनंदानं चक्कर आली बगा सरास्नी."

समारंभ सांगलीला. विटा-तासगाव करत आम्ही एसटीनं गेलो. मी, हेडसर, ती मुलगी आणि तिची आई. मुलीचं चित्र प्रदर्शनात लावणार असल्याचं पत्रात होतं, म्हणून तिलाही बोलावणं होतं. आईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. वाटेत ती मला म्हणाली, "आवं सर, तुमच्यामुळं पोरीला सांगली तरी दिसली." मी खिडकीतून द्राक्षांचे मांडव बघत राहिलो.

सभागृहाच्या बाहेर पडवीत प्रदर्शन होतं. मी आत शिरलो आणि जागच्या जागी खिळलो. तिची दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली होती. डावीकडं ती चुरगळलेली उत्तरपत्रिका, कोंबडी हवी तशी चाललेली. उजवीकडं माझ्या हातची, पावलं रांगेत. खाली सुबक अक्षरात पाट्या. एकीवर 'सरांचा हात फिरण्यापूर्वी', दुसरीवर 'सरांचा हात फिरल्यानंतर'.

दोन्ही एकत्र मी कधी पाहिली नव्हती. एक जिवंत होतं आणि एक मी मारलेलं होतं. ते कळायला ड्रॉइंगचा सर असावं लागत नाही, असं मला वाटलं. पण मला वाटलं ते खोटं ठरलं. लोक येत होते, डावीकडं बघत होते, मग उजवीकडं, आणि म्हणत होते, "बघा, किती फरक पडला! ह्याला म्हणतात शिक्षण." एक बाई आपल्या मुलाला दाखवत होत्या, "हे चुकलेलं, हे बरोबर. कळलं?" आणि तीन हातांवर ती मुलगी आपल्या आईचा हात धरून उभी होती. सगळं ऐकत होती.

परीक्षक बाई माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. "त्यांना तुमची रांग फार आवडली," त्या धोतरवाल्यांकडं बघत म्हणाल्या. "अध्यक्षांनाही. दोन विरुद्ध एक, मी हरले. निदान दोन्ही चित्रं लावा, एवढं मी मागून घेतलं. म्हटलं, बघणाऱ्याला दिसेल. पाट्या माझ्या नाहीत."

"कुणालाच दिसत नाहीये," मी म्हणालो.

"तुम्हाला दिसतंय ना?" त्या म्हणाल्या. मी मान हलवली. त्या म्हणाल्या, "मग तिला सांगा. आत्ता, इथंच सांगा."

मी पाऊल उचललं होतं. देवाशपथ उचललं होतं. पण त्याच वेळी माझं नाव पुकारलं गेलं आणि कोणीतरी मला कोपराला धरून व्यासपीठावर नेलं. शाल, श्रीफळ, सन्मानपत्र. भाषणात मी माझ्या गुरुजींचे आभार मानले. पोरांचे मानले. कोंबडीबद्दल एक अक्षर बोललो नाही. पहिल्या रांगेत हेडसर डोळे पुसत होते. ह्या माणसानं मला कधी एक तास सुखानं घेऊ दिला नव्हता.

परतीच्या गाडीत बोलावं म्हटलं, तर ती झोपली होती. निदान मी तसं समजलो.

आठवडाभरानं संस्थेकडून दोन्ही कागद टपालानं आले. एव्हाना मी मनाशी पक्कं केलं होतं. वर्गात सांगितलं, आजपासून हात फिरवणं बंद. ज्याचं चित्र त्याचं. पोरांचे चेहरे उतरले. एक जण म्हणाला, "सर, आमच्यावर रागावला व्हय?" दुसरा म्हणाला, "बक्षीस मिळालं न्हवं, आता कशाला करत्यात." हे दुसरं मला फार लागलं. मधल्या सुट्टीत मी तिला बोलावलं. टेबलावर दोन्ही कागद ठेवले. म्हटलं, "तुझं तू घे."

मला खात्री होती ती काय उचलणार याची. मी तिला सांगायची वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती.

तिनं उजवीकडचं उचललं. माझ्या हातचं.

"अगं, तुझं ते," मी उत्तरपत्रिका पुढं केली.

"ते ऱ्हाऊ द्या सर. ते चुकलंय न्हवं?"

"चुकलेलं नाही. तेच बरोबर आहे. तेच चांगलं आहे. माझंच चुकलं." मी बोललो एकदाचा. वाटलं आता तिचा चेहरा उजळेल.

तिनं माझ्याकडं पाहिलं. राग नव्हता, रडू नव्हतं. गणितात पायरी न कळल्यावर विचारतात तसं तिनं विचारलं, "बरोबर हुतं, तर मग तुमी सरळ कशाला केलं, सर?"

माझे सर करायचे म्हणून, हे काय उत्तर झालं? ती रंगीत कागदाची काळजीपूर्वक गुंडाळी करून निघून गेली. उत्तरपत्रिका माझ्याकडंच राहिली. अजून आहे. सन्मानपत्र कुठं गेलं, मला माहीत नाही.

पुढच्या तासाला रांग लागली नाही. मुलं आपापल्या जागी बसून आपापली चित्रं पुरी करत होती, आणि मी खुशीत वर्गातून फिरत होतो. शेवटच्या बाकापाशी थांबलो. तिनं चौकोन आखला होता. पट्टीनं मोजून त्याचे दोन सारखे भाग केले होते. डावीकडं पाच पावलं, उजवीकडं पाच. एक पाऊल जरा तिरकं पडलं होतं, ते खोडून ती सरळ करत होती. त्या कागदाला मी हात लावलेला नव्हता.